शेवटची कधी?

“सिगारेट ओढता का?” डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं. मी म्हणाले, “नाही.”

१९ वर्षं हेच उत्तर देत आले होते, त्यामुळे ते आपसूक बाहेर पडलं. वय ४१. गर्भनिरोधक गोळ्या पुढे चालू ठेवायच्या म्हणून चिठ्ठी घ्यायला गेले होते. चिठ्ठी घेऊन दारापर्यंत पोचले तेव्हा त्या म्हणाल्या, “विचारलं ते एवढ्यासाठी, की पस्तिशी ओलांडली की या गोळ्या आणि सिगारेट एकत्र चालत नाहीत. हार्ट अटॅकचा, स्ट्रोकचा धोका फार वाढतो.” मी दाराच्या मुठीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. मग परत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, “ओढते. दिवसाला १४.”

हे वाक्य मी त्याआधी कुणासमोर उच्चारलं नव्हतं. नवऱ्याला ठाऊक होतं, पण त्याच्या हिशेबी मी दोन-तीन ओढत होते. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी परत घेतली, दुसरी लिहून दिली आणि विचारलं, “सोडायचा प्रयत्न केलाय?” दोनदा केला होता. एकदा नऊ दिवस टिकले, एकदा सव्वा महिना. “एकटीनंच?” अर्थात एकटीनं. खरं किती ओढते हेच कुणाला माहीत नव्हतं, तर सोडतेय हे कुणाला सांगणार? त्यांनी एक पत्रक पुढे केलं. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांचा गट, दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, सात आठवडे. “या वेळी एकटीनं नका करू,” एवढंच म्हणाल्या.

लपवण्याबद्दल आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. माझी जागा गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या मागे. डोक्याला बांधायचा एक जुना रुमाल फक्त त्यासाठी ठेवलेला, म्हणजे केसांना वास लागत नाही. हात धुवायला वेगळा साबण. थोटकं औषधाच्या एका रिकाम्या डबीत, घट्ट झाकण लावून. पुरुष ओढत असला की निदान चार माणसं ‘सोड रे बाबा’ म्हणत राहतात. बाई ओढत असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं, त्यामुळे तिला सोड म्हणणारंही कुणी नसतं. माझा सगळा दिवस त्या चौदा वेळांभोवती आखलेला असे आणि घरात कुणाला त्याची चाहूलही नव्हती.

पहिल्या मंगळवारी आम्ही ११ जण होतो, त्यात बायका दोन. गोलात मांडलेल्या खुर्च्या, मध्ये एक टेबल, टेबलावर हाताच्या पंजाएवढं एक यंत्र. गट चालवणाऱ्या समुपदेशक माझ्यापेक्षा लहान असाव्यात, पण सगळे त्यांना ताईच म्हणत. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, की इथे कुणी कुणाला उपदेश करायचा नाही, आकडा खरा सांगायचा, आणि आज घरी जाऊन लगेच काही सोडायचं नाही. सोडायची तारीख तिसऱ्या आठवड्यात. तोवर ओढा, पण डोळे उघडे ठेवून ओढा.

मग त्यांनी डावीकडून एकेकाला विचारायला घेतलं, “शेवटची कधी?” सातही आठवडे बैठक याच प्रश्नानं सुरू व्हायची. कुणी म्हणालं, “आत्ता, आत यायच्या आधी.” कुणी म्हणालं, “दुपारी, जेवण झाल्यावर.” माझ्या शेजारी छापखान्यात काम करणारे एक काका बसले होते, नखांच्या कडांना शाईची काळी रेघ. ते म्हणाले, “दोन, लागोपाठ. म्हटलं आत गेल्यावर मिळायची नाही.” माझी पाळी आली तेव्हा घसा कोरडा पडला होता. “सव्वासहाला. त्या मागच्या गल्लीत.” कुणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. प्रश्न पुढच्या माणसाकडे गेला. मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. काहीच झालं नाही, आणि त्यानं मला केवढं हलकं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

ते यंत्र श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतं. पुठ्ठ्याची नवी नळी लावायची, छाती भरून श्वास घ्यायचा, १५ सेकंद रोखून धरायचा आणि मग सावकाश, फुप्फुसं पार रिकामी होईस्तोवर फुंकायचं. आकडा लगेच येत नाही. पाच, आठ, अकरा असा चढत जातो आणि बघणाऱ्याचा जीव त्याबरोबर वर जातो. माझा १९ वर थांबला. काकांचा ३१. न ओढणाऱ्या माणसाचा साधारण सहाच्या खाली असतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, म्हणजे तेवढी जागा ऑक्सिजनला मिळतच नाही. जिना चढताना लागणारी धाप मी वयाच्या खात्यावर टाकली होती. पण सोडल्यावर हा आकडा एक-दोन दिवसांतच न ओढणाऱ्याइतका खाली येतो, हेही ताईंनी त्याच दमात सांगितलं. हे ‘एक-दोन दिवस’ नीट लक्षात ठेवा. पुढे मला ते फार जड गेले.

फॅगरस्ट्रॉम चाचणी म्हणून, निकोटिनवर आपण किती अवलंबून आहोत ते मोजणारा, सहा प्रश्नांचा एक कागद असतो, कार्ल फॅगरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या नावाचा. १० पैकी गुण. त्यात सगळ्यात बोलका प्रश्न म्हणजे सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट किती वेळात. पाच मिनिटांच्या आत असेल तर एकदम तीन गुण. मी सगळ्यांच्या आधी उठते ती देवाधर्मासाठी किंवा कामाच्या घाईसाठी नव्हे, तर गच्चीसाठी, हे त्या चौकोनात खूण करताना मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. माझे सहा गुण झाले. म्हणजे अवलंबन जास्त.

ताईंनी निकोटिनचं गणित समजावलं. झुरका घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत ते मेंदूत पोचतं, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. उतरायला लागलं की शरीर पुढचं मागतं. माझा समज असा, की मी थकले, चिडले, एकटी पडले की ओढते. १६ तासांच्या जागेपणाला १४ नं भागलं तर दर सत्तर मिनिटांनी एक येते. रोज सत्तर-सत्तर मिनिटांनी कोण चिडतं? आधी तलफ येत होती, चिडचिड तिच्या पाठोपाठ, आणि सिगारेट ओढल्यावर जे ‘बरं’ वाटायचं ते आधीच्या सिगारेटनं निर्माण केलेली बेचैनी मिटण्याचं. हे कळायला १९ वर्षं लागली.

त्या आठवड्याचा गृहपाठ म्हणजे पाकिटाभोवती रबर बँडनं गुंडाळलेला एक कागद. प्रत्येक सिगारेटच्या आधी वेळ, जागा आणि गरज किती ते एक ते पाचमध्ये लिहायचं. आधी लिहायचं, मग पेटवायची. मी त्यात आणखी एक रकाना पाडला, ‘कुणापासून लपून’. आठवड्याच्या शेवटी पाहिलं तर गरजेच्या रकान्यात चार किंवा पाच लिहिलेल्या सिगारेटी दिवसाला जेमतेम पाच होत्या, बाकीच्या नुसत्या सवयीच्या. लपून ओढण्याचा रकाना मात्र एकही रिकामा नव्हता. ताईंनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, “हा रकाना पुढच्या गटाच्या कागदात घालू का मी?” मी हो म्हणाले.

दुसऱ्या मंगळवारी जोड्या लागल्या. माझी जोडी छापखान्यातल्या काकांशी. ते म्हणाले, “ताई, मेसेज वाचायला मला चष्मा शोधावा लागतो. तुम्ही फोनच करा.” रोज रात्री दहाला फोन, विषय एकच, एक मिनिट पुरे. त्याच दिवशी औषधांचं बोलणं झालं. डॉक्टरांनी प्रत्येकाचं वेगळं ठरवलं. काकांना तलफ कमी करणाऱ्या व्हरेनिक्लिनच्या गोळ्या, त्या सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करायच्या असतात. मला रोज कातडीवर लावायचा २१ मिलिग्रॅमचा पॅच, आणि अचानक तलफ उठली तर २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम. तुमचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. माझ्या मनात तेव्हा एक शंका होती आणि ती मी बोलून दाखवली, “म्हणजे निकोटिन सोडायला निकोटिनच घ्यायचं?” उत्तर असं, की सवय लावतं ते निकोटिन, पण जीव घेतो तो धूर, त्यातला डांबरासारखा चिकटा आणि कार्बन मोनॉक्साइड. पॅचमधून निकोटिन हळूहळू, एका पातळीवर येतं. सिगारेटसारखी मेंदूत उसळी नाही, म्हणून त्याची तशी चटकही लागत नाही. पुढे २१ वरून १४, १४ वरून ७ असं उतरत जायचं.

गमचं नीट सांगायला हवं, कारण तिथे बहुतेकांचं चुकतं आणि ‘मला गम लागू पडत नाही’ म्हणून ते सोडून देतात. मी पहिला गम साध्या च्युइंगमसारखा भराभर चघळला. दोन मिनिटांत घशाशी आग, मग उचक्या, मग मळमळ. निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवं, मी ते लाळेबरोबर गिळून टाकत होते. खरी पद्धत अशी की सावकाश चावायचं, जिभेला मिरमिरी लागली की थांबायचं आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये सारून ठेवायचा. मिरमिर विझली की पुन्हा दोन-चारदा चावायचं, जागा बदलायची. एक गम अर्धा तास पुरतो. आणि त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी, फळांचा रस असलं काही नाही, कारण आंबट पेयांनी तोंडातून निकोटिन शोषलं जात नाही. ताईंनी या गमची जन्मकथाही सांगितली. १९६७ साली स्वीडनमधल्या क्लास लुंडग्रेन यांनी ओवे फर्नो या औषधशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. पाणबुडीवर सिगारेट ओढता येत नाही, तेव्हा तिथले खलाशी तोंडात ठेवायच्या तंबाखूवर निभावतात, हे त्यांनी पाहिलं होतं. मग धुराशिवाय निकोटिन देता येईल का, हा तो प्रश्न. फर्नो स्वतः सिगारेट ओढणारे होते. ज्याला गरज होती त्यानंच वस्तू घडवली, हे ऐकून मला बरं वाटलं होतं.

तिसऱ्या मंगळवारी टेबलावर पाण्यानं अर्धी भरलेली बादली होती. प्रत्येकानं उरलेली पाकिटं तीत टाकायची. पाकीट लगेच बुडत नाही. आधी तरंगतं, मग एका कोपऱ्यातून पाणी आत शिरतं, कागद फुगतो आणि तपकिरी रंगाचा एक धागा पाण्यात सुटतो. अकरा पाकिटांनी बघता बघता पाणी गढूळ झालं आणि ओल्या राखेसारखा वास खोलीभर पसरला. कुणी बोलत नव्हतं. काकांनी पाकिटाबरोबर लायटर टाकला, मग हात घालून तो परत काढला, म्हणाले, “वडिलांचा आहे.” ताई म्हणाल्या, “घरी नका नेऊ, इथेच ठेवा. सात आठवड्यांनी न्या.” त्यांनी तो पुसून कपाटात ठेवला.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, असं सांगितलं होतं आणि ते तसंच निघालं. सकाळी उठून पाय गच्चीच्या जिन्याकडे वळायचे. डोकं जड, हात रिकामे, कुणी साधं काही विचारलं तरी अंगावर धावून जावंसं वाटायचं. नवऱ्याला मी आदल्या रात्री खरा आकडा सांगितला होता. तो म्हणाला, “चौदा?” आणि गप्प झाला. मग दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्याआधी उठून जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. काही बोलला नाही, नुसता बसला. तलफेची लाट तीन ते पाच मिनिटांत ओसरते, हे मी घड्याळ लावून पाहिलं. खरंच ओसरते. अडचण एवढीच, की पहिल्या दिवशी त्या लाटा मी मोजल्या त्या तीसच्या वर गेल्या.

चौथ्या दिवशी हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, रात्री झोप नाही. मला वाटलं, आता हे झेपत नाही. रात्री दहाच्या फोनवर काकांना सांगितलं, काकांनी ताईंना विचारायला लावलं. ताईंचा पहिला प्रश्न होता, “कॉफी किती पिता?” सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त जोमानं काम करतं आणि कॅफिन लवकर निकामी करतं. धूर बंद झाला की ते एन्झाइम मंदावतं आणि तेवढ्याच कॉफीत रक्तातलं कॅफिन जवळजवळ दुप्पट होतं. मी दिवसाला पाच कप घेत होते. अडीचवर आणले, दोन दिवसांत थरथर गेली. मागच्या दोन्ही वेळी मी याच थरथरीला घाबरून परत सिगारेट धरली असणार, अशी माझी खात्री आहे. हे प्रत्येक सोडणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

बाकी त्रास आले आणि गेले. तोंड आलं, पोट साफ होईना, आणि खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला. श्वासनलिकेतले बारीक केस परत काम करू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात, म्हणून. पॅच रात्री लावून झोपलं की स्वप्नं इतकी जिवंत पडायची की दचकून उठायचे, मग तो झोपताना काढायला सांगितला. वजन चार किलो वाढलं. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतंच, आणि या भीतीपायी सोडायचं टाळणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. त्यांच्याशी मी भांडते.

आता एकोणिसावा दिवस. रविवार, दुपारचे चार. एक जुनी बॅग कुणालातरी देऊन टाकायची म्हणून मी ती रिकामी करत होते. सगळे कप्पे झाले, आणि अस्तराच्या फाटलेल्या भागातून बोटांना काहीतरी लागलं. एक सिगारेट. जराशी वाकलेली, पण धड. इतकी नीट लपवलेली, की माझी मलाच आठवण राहिली नव्हती. घरात कुणी नव्हतं. मी ती घेऊन गच्चीवर गेले, गॅस पेटवायचा लायटर नेला, टाकीच्या मागे उभी राहिले आणि पेटवली. पहिल्या झुरक्याला चक्कर आली, चव जळक्या कागदाची. तरी अर्धी ओढली. मग खाली येऊन त्याच साबणानं हात धुतले. थोटूक त्याच डबीत टाकलं आणि झाकण फिरवलं. ते झाकण फिरवताना हाताला कसलाही विचार करावा लागला नाही. तेव्हा मला रडू आलं.

रात्री दहाला फोन वाजला. “शेवटची कधी, ताई?” काका रोज याच शब्दांत विचारायचे. मी म्हणाले, “त्या मंगळवारी, बादलीच्या आधी.” “शाबास,” म्हणाले आणि ठेवला.

दोन दिवस मी ते ‘शाबास’ घेऊन फिरले. हिशेब मला पाठ होता. रविवार दुपार ते मंगळवार संध्याकाळ, पन्नास तास. यंत्राला काही कळणार नव्हतं. आणि तसंच झालं. मी १५ सेकंद श्वास धरला, फुंकलं, आकडा आला २. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या चालू असतानाच ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, “शेवटची कधी?” आणि मी म्हणाले, “परवा. दुपारी चार वाजता. अर्धी.”

टाळ्या थांबल्या. मी काकांकडे पाहिलं नाही. ताईंच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही, त्या पेन उघडून विचारत गेल्या. कुठे सापडली? पॅच लावलेला होता का? किती झुरके? संपल्यावर पुढची आणायचा विचार आला का? (आला होता. दहा मिनिटांत दुकानापर्यंतचा रस्ता मनात आखून झाला होता.) मग आणली का नाही? मी म्हणाले, मुलगी शाळेच्या सहलीवरून यायची वेळ झाली होती. “म्हणजे नशिबानं वाचलात,” त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी नशिबावर सोडायचं नाही.” फळ्यावर त्यांनी दोन शब्द लिहिले, घसरणं आणि पडून राहणं. सुरुवातीच्या आठवड्यांत घसरलेली बरीच माणसं पडून राहतात. एका झुरक्यानं फार काही बिघडतं अशातला भाग नाही, पण ‘आता गेलंच सगळं’ असं वाटतं आणि लाजेपायी माणूस गटात येणं बंद करतो. म्हणून ‘एक झुरकाही नाही’ हा नियम कडक, आणि तो मोडलेल्या माणसाशी वागणं मऊ. दोन्ही एकदम. मग त्यांनी सगळ्यांना कागद दिले आणि घरातल्या, कामावरच्या, कपड्यांतल्या विसरलेल्या जागा लिहायला लावल्या. पुढच्या आठवड्यात चौघांनी सांगितलं, की त्यांना खरोखरच सापडल्या.

बाहेर पडताना काका म्हणाले, “मला फोनवर खोटं बोललात ते लागलं, ताई.” मी मान खाली घातली. “आज दहाला करा,” ते म्हणाले. मी केला. त्या रात्री फोन एक मिनिटाचा नव्हता, पाऊण तास चालला. तेही पहिल्या आठवड्यात दोनदा घसरले होते.

नंतर एका अभ्यासाबद्दल वाचलं तेव्हा हे सगळं पुन्हा आठवलं. निकोलस क्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००८ साली तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममधल्या एका दीर्घ पाहणीतली १२,०६७ माणसं, १९७१ ते २००३ पर्यंतची, आणि त्यांची एकमेकांशी असलेली नाती. नवरा-बायकोपैकी एकानं सोडली तर दुसऱ्यानं ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली, मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी. माणसं एकेकटी न सुटता घोळक्यानं सुटत होती आणि जी ओढत राहिली ती हळूहळू घोळक्याच्या कडेला सरकत गेली. मी तर सुरुवातीपासून कडेलाच होते, टाकीच्या मागे. मला आत ओढून घेणारं कुणी असायला आधी मी तिथे आहे हे कळायला हवं होतं.

एक तक्रार आहे ती मांडतेच. आमच्या पत्रकावरची सगळी चित्रं पुरुषांची होती. साडेसहाची वेळ घरी लहान मूल असलेल्या बाईला जमत नाही. गटातली दुसरी बाई याच कारणानं चौथ्या आठवड्यानंतर आली नाही आणि तिच्याकडे फोन करायला कुणी नेमलेलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली सांगितलं, की जगात तंबाखू वापरणाऱ्या १२५ कोटींपैकी ७५ कोटींना सोडायची इच्छा आहे, पण ७० टक्के लोकांपर्यंत परिणामकारक मदतच पोचत नाही. त्या ७० टक्क्यांत गच्चीवरच्या बायका किती, हे कोण मोजणार? मी ताईंना हे सांगितलं. आता दुपारची एक वेगळी बैठक असते आणि गळालेल्यांना तीनदा फोन जातो.

सातव्या आठवड्याला आमच्यापैकी सात जण सुटलेले होते. वर्षानंतर चार. ऐकायला कमी वाटतं. पण कुठलीही मदत न घेता केलेल्या एका प्रयत्नात १०० पैकी ३ ते ५ जणच सहा महिने ते वर्षभर टिकतात. मी स्वतः त्या ९५ मध्ये दोनदा होते.

काका त्या चारांत नाहीत. आठव्या महिन्यात त्यांचे फोन तुटक झाले, मग उचलेनासे झाले. काय झालं असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी छापखान्यात गेले. मशीनच्या आवाजात उभ्या उभ्या विचारलं, “शेवटची कधी, काका?” त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “अर्ध्या तासापूर्वी.” भाऊ गेला, त्या रात्री एक घेतली, मग सांगायची लाज वाटली. मी त्यांना बॅगेतल्या सिगारेटची आठवण करून दिली नाही, त्यांना आठवत होतीच. नव्या गटाची तारीख सांगितली. ते म्हणाले, तीच ती माणसं मला बघून काय म्हणतील. म्हटलं, माणसं नवीन आहेत, जुनी मी एकटीच असेन.

काल नव्या गटाचा पहिला मंगळवार होता. ताईंनी मला शेजारची खुर्ची दिली होती. काका पाच मिनिटं उशिरा आले आणि दारातच थांबले. मी पिशवी उचलून खुर्ची मोकळी केली. ते बसले, नळी लावली, छाती भरून श्वास घेतला. मी त्यांच्यासाठी सेकंद मोजत होते, बारा, तेरा, चौदा. त्यांनी फुंकलं. आकडा चढत चढत २६ वर थांबला.

“गेल्या वेळी ३१ होता,” मी म्हणाले.

ते यंत्राकडे बघत राहिले. मग खिशातून वडिलांचा लायटर काढून त्यांनी तो ताईंच्या हातात दिला. ताईंनी उठून कपाट उघडलं.